खाली पाणी कुठंय?

माणसांनी विहिरी बुजवायला नुकती सुरुवात केली होती, तेव्हाची ही गोष्ट. एक बाभूळ विहिरीवर झुकलेली होती आणि सुगरण पक्षी पिढ्यान्‌पिढ्या तिलाच घरटी टांगत. साप आलाच, तर बारीक फांदीवरून घसरून पाण्यात पडे.

एका वर्षी विहीर बुजली. नर मात्र ठरल्या जागीच विणत बसले. अंडी घालायला आलेली एक मादी घरटी पाहत फिरली आणि म्हाताऱ्या नराला म्हणाली, "काका, वीण सुरेख आहे, पण खाली पाणी कुठंय? आता साप पडला तरी परत चढेल. यंदा त्या विजेच्या तारेवर टांगून बघू या ना?"

"आमच्या आज्यानं कधी तारेवर विणलं होतं का?" म्हातारा खेकसला. बाकीचे हसले.

मादीला विणता येत नव्हतं आणि दिवस भरत आले होते. तिनं बाभळीवरच अंडी घातली.

साप आला. दोनदा मातीत पडला, तिसऱ्यांदा पोचला. संध्याकाळपर्यंत झाडावर एकही अंडं उरलं नाही.

पुढच्या वर्षी त्याच फांदीवर विणकाम सुरू झालं. म्हातारा सगळ्यांना बजावत होता, "गेल्या वर्षी तुमची वीण सैल पडली. यंदा घट्ट घाला."