भरलेल्या ट्रकचं माप

एकदा एका गुळाच्या व्यापाऱ्याच्या मनात आलं की आपल्या वडिलांचा जुना ट्रक पुन्हा रस्त्यावर आणावा. वडिलांनी तरुणपणी तो स्वतः चालवला होता, त्याच्यावरच घर उभं केलं होतं, आणि गेली वीस वर्षं तो गुऱ्हाळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये धूळ खात होता. आता वडिलांनी ऐंशी ओलांडली होती. एकदा त्यात बसून जन्मगावी जाऊन यावं, एवढंच ते अधूनमधून म्हणत. मुलाने मनावर घेतलं. इंजिन झालं, पत्रा झाला, रंग झाला. राहिली ती पुढची काच.

ही काच दुकानात जाऊन मागावी आणि मिळावी अशी नव्हती. तो ट्रक ज्या काळातला होता, त्या काळी केबिन सुतार बांधत. आत सागवानी चौकट आणि वरून पत्रा. त्यामुळे प्रत्येक केबिन दुसरीपेक्षा थोडी निराळी असे, आणि काच त्या त्या गाडीचं माप घेऊनच कापावी लागे. हे काम नीट जाणणारे त्या भागात एकच गृहस्थ उरले होते. दस्तगीर त्यांचं नाव, वय सत्तरीच्या पुढे. सगळे त्यांना उस्ताद म्हणत.

उस्तादांकडे एक शिष्य होता. शिष्य म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उगाच कोवळं पोर उभं राहतं. हा चांगला चौतीस वर्षांचा बाप्या होता, प्रल्हाद नावाचा. कारखान्यात लेथ मशीनवर त्याने बारा वर्षं काढली होती आणि केसाच्या जाडीइतका फरक त्याचा हात ओळखत असे. जुन्या गाड्यांचं वेड होतं, म्हणून ती पक्की नोकरी सोडून तो उस्तादांकडे आला होता. घरी अंथरुणाला खिळलेली आई होती आणि शिवणकाम करून संसाराला हातभार लावणारी पत्नी शालन. वर्षभर हे काम करून बघू, असं दोघांनी मिळून ठरवलं होतं. ते वर्ष आता सरत आलं होतं.

अलीकडे शालनच्या बोलण्याला धार आली होती. ‘तुमाला काचंशिवाय दुसरं काय दिसतंय का?’ असं ती दिवसातून एकदा तरी म्हणे. प्रल्हादने त्यावरून ताडलं की तिला हे काम पसंत नाही. तिला विचारलं मात्र त्याने कधी नाही. शहाणी माणसं विचारत बसत नाहीत, त्यांना सगळं आधीच कळलेलं असतं.

व्यापाऱ्याच्या ट्रकची काच उस्तादांनी प्रल्हादवर सोपवली. एकट्याने करायचं हे त्याचं पहिलंच काम. त्याने गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर चढवली, कारण माप घेताना वस्तू तसूभरही हलता कामा नये, हे तो कारखान्यात शिकला होता. चौकट तीनदा मोजली, त्याबरहुकूम पुठ्ठ्याचा फर्मा कापला, फर्म्यावरून काच कापली आणि कडेने रबर लावून बसवली. अशी नेमकी बसली की बघणाऱ्याने बघत राहावं. उस्तादांनी काच बघितली, खालचे ठोकळे बघितले आणि ते आपल्या कामाला लागले.

व्यापारी गाडी न्यायला आला. रिकामी गाडी दारातून बाहेर काढायची नाही, अशी त्याच्या घरची रीत होती. त्याने सोबत आणलेले गुळाचे पन्नास रवे, म्हणजे चांगल्या मोठ्या ढेपा, हौद्यात भरून घेतले आणि मग गाडी काढली. नदीकडच्या उतारावर रस्ता उखडलेला होता. तिथल्या वळणावर काच खालच्या डाव्या कोपऱ्यातून तडकली.

प्रल्हादने काचेला दोष दिला. नवी काच आणली, गाडी पुन्हा ठोकळ्यांवर चढवली, या वेळी तीनऐवजी पाच वेळा मोजलं. काच बसली, पन्नास रवे भरले, गाडी निघाली, आणि त्याच वळणावर, त्याच कोपऱ्यातून तडा गेला. आता दोष द्यायला प्रल्हादला स्वतःशिवाय कुणी सापडेना.

व्यापारी सज्जन होता. आवाज न चढवता म्हणाला, “प्रल्हादराव, येत्या रविवारी वडिलांना गावी न्यायचं आहे. त्यांचं वय असं की पुढच्या रविवारचं मी सांगू शकत नाही. आणखी एक काच बघू. तीही गेली तर गाडी दुसरीकडे न्यावी लागेल. राग मानू नका.”

राग कसला, प्रल्हादला स्वतःचीच लाज वाटत होती. ज्या हाताच्या जोरावर घरादाराला टांगणीला लावलं, तो हात दोनदा खोटा ठरला होता. त्याने कारखान्यातल्या जुन्या साहेबांना विचारून घेतलं, जागा होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो उस्तादांपुढे उभा राहिला.

“उस्ताद, तिसरी काच तुम्हीच बसवा. मी सोमवारपासून कारखान्यात जातो. घरीही हे काम नकोच आहे.”

“जा की,” उस्ताद म्हणाले. “सोमवार लांब हाय अजून. आदी त्या शेठला फोन लाव. म्हणावं, पन्नास रवे पाठवून दे.”

“काच बसायच्या आधी?”

“काच कापायच्या आदी.”

व्यापाऱ्यालाही हे चमत्कारिकच वाटलं. फोनवर त्याने विचारलं, “उस्ताद, काच बसवायची आहे की गूळ पोचवायचा आहे?” पण माल त्याने पाठवला. उस्तादांनी ठोकळे काढायला लावले, गाडी चाकांवर उभी केली, हौद्यात गूळ भरला आणि स्वतः चालकाच्या जागेवर चढून बसले. शेजारी प्रल्हाद. पुढे काच नाही. गाडी निघाली तशी सगळी धूळ या दोघांच्या तोंडावर येऊ लागली. एक चिलट प्रल्हादच्या डोळ्यात गेलं. तो डोळा चोळत, मनातल्या मनात चडफडत बसला होता, तरी हा म्हातारा करतोय तरी काय, हे कुतूहल काही त्याला गप्प बसू देईना.

नदीच्या उतारावर, त्याच वळणापाशी, उस्तादांनी मुद्दाम डावं चाक रस्त्याखालच्या चरात उतरवलं आणि गाडी बंद केली. गाडी एका अंगावर कलून उभी राहिली.

“उतर. आता मोज.”

“इथं? गाडी वाकडी उभी आहे, उस्ताद. हे माप खरं कसं येईल?”

“तू मोज तर खरं.”

प्रल्हादने टेप लावला. चौकटीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजलं. मग दुसरं तिरकं. दोन्ही सारखी यायला हवी होती. परवापर्यंत सारखीच होती. आता एक पाच मिलिमीटरने कमी भरत होतं. त्याने टेप पुसला आणि पुन्हा मोजलं. पाचच. मग त्याने आपला पुठ्ठ्याचा फर्मा काढून चौकटीत बसवून पाहिला. ठोकळ्यांवर अलगद बसलेला तो फर्मा खालच्या डाव्या कोपऱ्यात शिरेचना. जोर केल्यावर शिरला, पण मधोमध वाकला. काच वाकत नाही. प्रल्हाद तो फर्मा हातात धरून रस्त्याच्या कडेला तसाच उभा राहिला.

उस्ताद तोवर गुळाचा एक खडा तोंडात टाकून चघळत बसले होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, “तुझं माप खोटं नव्हतं. पाच डाव मोजलास, पाची डाव खरं हुतं. पर ते ठोकळ्यावरच्या गाडीचं माप हुतं. ठोकळ्यावर गाडीला काय त्रास? ना माल, ना खड्डा, ना चढ-उतार. तितं समद्या गाड्या सरळच असत्यात. रस्त्यावर आल्यावर तिचं लाकूड कुटं ताणतंय, कुटला कोपरा दबतोय, ते ओझं घेतल्याबिगर दिसत न्हाई. ओझ्यानं दबली म्हणून चौकट वाकडी म्हणायची नसती. तेवढी जागा आपण ठेवायची असती. काच जरा कमी कापायची, रबर जरा जाड घ्यायचं. दबलं तर रबर दबंल, काच ऱ्हाईल.”

प्रल्हादच्या मनात एकच गोष्ट सलत होती. ती त्याने बोलून दाखवली. “तुम्हाला हे पहिल्या दिवशीच ठाऊक होतं. मग दोन काचा फुटू का दिल्या?”

“सांगितलं असतं तर तू पाच मिलिमीटर कमी कापली असतीस. आणि जन्मभर समद्या गाड्यांना पाच मिलिमीटरच कमी कापत बसला असतास. हरेक गाडी येगळी दबती, लेका. त्या दोन काचा माज्या खात्यात.”

मग उस्तादांनी नजर नदीकडे वळवली. पुढचं बोलले ते हळू आवाजात. “तुज्या आदी माज्याकडं एक जण हुता. हात तुज्यापेक्षा चांगला. तीन दिस उशिरा आला, चवथ्या दिशी मी त्याला घालवून दिला. मागनं कळलं, त्याची लेक दवाखान्यात हुती. मी त्याला एका शब्दानं इचारलं न्हाई. माजं माप बी ठोकळ्यावरचंच हुतं. ते आजून टोचतंय मला.”

प्रल्हादने टेप पुन्हा हातात घेतला. चाक चरात असताना एकदा आणि सरळ रस्त्यावर घेऊन एकदा, अशी दोन्ही मापं त्याने लिहून घेतली. दोन्हींत मावेल अशी काच कापली, जाड रबर लावलं. शनिवारी गाडी गूळ भरून त्याच वळणावरून गेली. प्रल्हादची नजर त्या कोपऱ्यावरून हलत नव्हती. चौकट दबली, रबर दाबलं गेलं, काच होती तशी राहिली. वळण संपल्यावर उस्तादांनी गाडी थांबवलीसुद्धा नाही. रविवारी व्यापाऱ्याचे वडील त्या काचेमागे बसून आपल्या गावी गेले.

पण प्रल्हादचा खरा रविवार त्या संध्याकाळी घरी होता. सांगायला बातमी चांगली होती, एरवी तो दारातूनच काचेबद्दल बोलायला लागला असता. आज तो उंबऱ्याशीच थांबला आणि घराकडे नुसता बघत राहिला. शालन शिलाई मशीनवर होती. पाच मिनिटांत ती तीनदा उठली. एकदा आईंनी हाक मारली म्हणून, एकदा दूध उतू जाऊ लागलं म्हणून, आणि एकदा ब्लाऊजसाठी खोळंबलेली बाई दाराशी आली म्हणून. परत बसताना दर वेळी ती कमरेवर हात टेकत होती. हे रोजच होत असणार. प्रल्हादने ते आज पहिल्यांदा पाहिलं, आणि त्याला फार वाईट वाटलं.

तो आत गेला, हातपाय धुतले आणि आईला पेज भरवायला बसला. शालनने मशीन थांबवून संशयाने विचारलं, “बरं न्हाई का तुमाला?”

“बरा आहे. शालन, मी उद्यापासून कारखान्यात जाणार होतो. तुला हे काम नको आहे म्हणून.”

“कोण म्हणालं?” ती खरोखरच चकित झाली. “काम सोडा म्हणून कवा म्हणाले मी? गाडीचं बोलताना तुमचं तोंड कसं फुलतंय, ते दिसतंय की मला. मी म्हणत हुते, येताना आईंच्या गोळ्या आणा. चार दिस झालं सांगून. आणल्या का?”

त्याने आणल्या नव्हत्या. त्याने तसं कबूल केलं आणि विचारलं, “आणखी काय काय राहिलंय?”

 शालनने कापड बाजूला ठेवलं आणि ती सांगू लागली. आईंना रात्रीत किती वेळा उठवावं लागतं, कुठल्या गिऱ्हाइकाचं काम अडलंय, कंबर कधीपासून दुखतेय. सांगता सांगता मध्येच ती थोडी हसलीही. औषधाचं दुकान बंद व्हायच्या आत जाऊन प्रल्हादने गोळ्या आणल्या आणि परत येऊन तिथेच बसला. ती बोलत होती तितका वेळ त्याने काचेचं नाव काढलं नाही.