पाणी लागलेली खोली

"पण एवढं खोदून मधेच का सोडलं, भंते?"

शेलवडीच्या लेण्यातल्या शेवटच्या खोलीच्या दारात उभं राहून नाफड्यांनी विचारलं. डोंगराच्या पोटात भिक्षूंसाठी कोरलेल्या बाकीच्या खोल्या कशा नेटक्या होत्या, निजायला दगडी ओटा, दिव्याला कोनाडा. ही एकच अर्धवट. छत घोटीव, भिंती निम्म्या, आणि जमिनीच्या जागी काळंशार, न हलणारं पाणी.

म्हातारे भंते बाहेरच्या पडवीत खराटा मारत होते. या ओसाड विहारात ते एकटेच राहत.

"पाणी लागलं," ते म्हणाले.

"मग बुजवायचं की. आम्ही असतो तर झरा बुजवून पुढं खोदलं असतं."

नाफड्यांचा सारा जन्म पाटबंधारे खात्यात गेला होता. पाण्यानं आपलं ऐकलंच पाहिजे, असा त्यांचा खाक्या.

"खोली करायला आले होते, उपासक. पाणी लागलं. थांबले."

"आणि खोली?"

"राहिली."

बोललेला शब्द दगडात शिरे आणि जरा थांबून परत येई. नाफड्यांच्या अंगावर काटा आला. हाताच्या छिन्नीनं माणसांनी डोंगर आतून पोकळ करावा, आणि आपण त्यात मुंगीएवढं उभं असावं... त्यांचा ऊर भरून आला. आणि ऊर भरून आला की नाफडे मोजायला लागत. ही त्यांची जुनी खोड.

"मंदा, पडवीतल्या त्या खांबाशी उभी राहा बघू. जरा डावीकडे."

मंदाताई मुकाट्यानं खांबाशी जाऊन उभ्या राहिल्या. लग्न झाल्यापासून त्या अशाच उभ्या राहत आल्या होत्या, धरणाशी, बुरुजाशी, देवळाशी. शेजारी माणूस असलं की उंचीचा अंदाज येतो, असं नाफड्यांचं म्हणणं. सकाळी पायथ्याच्या जहागीरदारांच्या बागेतही तेच झालं होतं. थुईथुई कारंजं, सोनचाफ्याचा घमघमाट, दुतर्फा आंब्यांची गर्द सावली. मंदाताई म्हणाल्या, "अहो, इथं जरा माझ्याजवळ बसा ना." नाफडे म्हणाले, "बसू. आधी त्या आंब्याला पाठ लावून उभी राहा."

बसायचं राहूनच गेलं.

नाफडे मोबाइल घेऊन मागं मागं सरकत गेले, अख्खा खांब चौकटीत येईपर्यंत.

"बघू," भंते म्हणाले.

नाफड्यांनी काढलेला फोटो कौतुकानं दाखवला. मग बागेतला. मग आदल्या सहलींचे.

"हे खालती काय आहे, ठिपक्यासारखं?"

"ही माझी मंडळी. मापासाठी उभी केलीय."

भंत्यांनी मोबाइल मंदाताईंच्या हातात दिला आणि नाफड्यांना खांबाकडे बोट दाखवलं. नाफडे छाती काढून उभे राहिले. मंदाताई जवळ गेल्या, आणखी जवळ गेल्या, आणि फोटो काढला.

नाफड्यांनी पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "यात नुसतं माझं तोंड आलंय. खांब कुठाय?"

"मला तेवढंच हवं होतं," मंदाताई म्हणाल्या. "दवाखान्यात जवळ ठेवायला."

येत्या सोमवारी मंदाताईंचं ऑपरेशन होतं. छातीत गाठ निघाली होती. रिपोर्ट आला त्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "त्याआधी एकदा कुठंतरी हिंडून येऊ. पुढचं कोणी पाहिलंय?" नाफडे "काहीतरीच बोलू नकोस" म्हणाले आणि गाडीच्या चाकात हवा भरायला निघून गेले. तेव्हापासून त्यांनी बायकोच्या तोंडाकडे नीट पाहिलंच नव्हतं. पाहायची छाती होत नव्हती, हे खरं.

"आता तुम्ही ताईंचा काढा," भंते म्हणाले.

नाफड्यांनी मोबाइल उचलला. सवयीनं एक पाऊल मागं टाकलं. टाचेला काहीतरी टोचलं. भंत्यांनी खराटा त्यांच्या पायामागं आडवा टाकला होता.

"भंते, जरा मागं जायला हवं."

"मागं झाडून झालंय. पाय उमटतील."

"पण मग सगळं कसं मावेल?"

भंत्यांनी खराटा हलवला नाही.

उजवीकडे भिंत, डावीकडे त्या अर्धवट खोलीतलं पाणी. नाफडे एक पाऊल पुढं गेले. मग आणखी एक. खांब चौकटीतून गेला. छत गेलं. सारा डोंगर बाहेर राहिला.

उरला एक चेहरा.

डोळ्यांखाली काळं झालेलं. ओठ सुकलेले. कपाळावरची टिकली जराशी तिरकी. आणि त्या डोळ्यांत... इतकं मोठं नाफड्यांनी आजवर काही पाहिलं नव्हतं. मघाच्या डोंगरानंही त्यांना असं गप्प केलं नव्हतं.

"मंदा... तुला भीती वाटतेय?"

"केव्हाची," मंदाताई म्हणाल्या. "तुम्ही लांब असता ना, म्हणून सांगितलं नाही."

मोबाइल खाली आला. नाफड्यांनी बायकोचा हात धरला. परक्या माणसासमोर धरला, आयुष्यात पहिल्यांदा. "मलाही वाटते गं," ते कसंबसं म्हणाले, आणि खांद्यावरच्या रुमालात तोंड लपवायचंही त्यांना सुचलं नाही. डोळे वाहत राहिले.

भंत्यांनी वाकून खराटा उचलला.

बऱ्याच वेळानं मंदाताई ओलं हसल्या. "अहो, फोटो काढायचा राहिला."

नाफड्यांनी गडबडीनं मोबाइल वर केला.

भंत्यांनी हलकेच त्यांचा हात खाली केला.

"राहू दे, उपासक. पाणी लागलं."