खांबावरची दोन अंडी

माणसं सोडून गेलेल्या एका कोठारात उंदीर, खारी आणि चिमण्यांनी संसार थाटले होते, त्या काळची ही गोष्ट. कोठारावर सत्ता मात्र वाळवीच्या म्हाताऱ्या राणीची होती. पिढ्यान् पिढ्या तिने दारं खाल्ली, तुळया खाल्ल्या, तरी तिची भूक भागेना.

एके दिवशी तिने हुकूम सोडला, "आता मधला खांब."

एक कामकरी वाळवी चाचरत म्हणाली, "आईसाहेब, आपल्या डोक्यावरचं छप्पर त्याच खांबावर आहे."

"छपरानं पोट भरत नाही," राणी म्हणाली आणि वाळव्यांनी खांब आतून पोखरत आणला.

खांबावरच्या पालीने हे ऐकलं आणि ती जोरात चुकचुकली.

"गप गं, अपशकुनी!" उंदरीण करवादली. "जन्मभर चुकचुकतेस, पण स्वतः कधी जागची हललीस का?"

पाल आपल्या अंड्यांकडे वळली. तिची दोन अंडी खांबाला चिकटलेली होती. पालीची अंडी सोडवू गेलं तर फुटतात. तिने त्यांच्यावरून एकदा जीभ फिरवली आणि मागे न बघता ती दाराबाहेर गेली.

ते पाहून उंदरीण ओरडली, "अरे, आई अंडी सोडून निघाली! उठा सगळे!" पिलांना पुढे घालून ती धावली, तिच्यामागे सगळेच धावले.

शेवटची चिमणी बाहेर पडली आणि खांब कडाडला. राणी आपल्या लाखो लेकरांसकट ढिगाऱ्याखाली गेली.

धुरळा बसला. उंदरिणीने एकेक पिलू हुंगून पाहिलं. सगळी होती. पाल समोरच्या झाडावर, ढिगाऱ्याकडे तोंड करून बसली होती.

"बाई, चुकचुक ना गं," उंदरीण हळूच म्हणाली.

पालीला आवाजच फुटला नाही.