मागाचा मालक

फार फार मागे, राजे मरत पण म्हातारे पंच मरत नसत अशा काळी, नदीकाठच्या गावात एक विणकर होता. शेठच्या पडवीत, शेठच्या मागावर तो लुगडी विणायचा.

एकदा राजाने चक्क चांगला कायदा केला. माग ज्याचा, त्याने विणकराला आजारपणात पोसायचं.

गावची रीत अशी, की खंडेनवमीला मागापुढे नारळ फोडायचा तो मालकानेच. त्या वर्षी शेठने आपल्या सगळ्याच विणकरांना एकेक नारळ दिला. या विणकराच्याही हातात दिला.

"फोड. आजपासून माग तुझा. घरी घेऊन जा."

"खरंच, शेठ?"

"मग? जन्मभर चाकरीच करणार का?"

विणकर हरखला. गल्लीभर खोबरं वाटत फिरला. बायको म्हणाली, "मालक झालात, मग उद्या सुट्टी घ्या की."

सुट्टी कसली! सूत शेठचं, काठाचा रंग शेठ सांगेल तो, मजुरी शेठ देईल ती. दुसऱ्या कुणासाठी विणायचं नाही.

हिवाळ्यात त्याचा उजवा हात सुजला. वैद्य म्हणाला, "महिनाभर मागावर बसू नकोस. बसलास तर हात गेला."

विणकर शेठकडे गेला. "महिनाभर पोटापुरतं द्या."

"तुझ्या मालकाला विचार," शेठ म्हणाला. "घरी आरसा आहे ना?"

मग तो पंचांकडे गेला. पानाला चुना लावता लावता एकाने विचारलं, "नारळ कुणी फोडला?"

"मीच. पण काठाचा रंगसुद्धा मला..."

"विचारलं तेवढं सांग. मालक होऊन हात पसरतोस?"

पुढचा प्रश्न एकाही म्हाताऱ्याने विचारला नाही. त्यांची धोतरं शेठकडून फुकट यायची.

घरी चूल थंड होती. विणकर मागावर बसला. महिना सरायच्या आत त्याची बोटं वळायची थांबली.

नदीपलीकडच्या राज्यात पंच वेगळंच विचारत, "काम कुणाच्या शब्दावर चालतं?" ज्याच्या शब्दावर चाले, तो पोशी. इकडचे विणकर त्या वाळल्या हाताकडे बघत राहिले. मग एकेकाने माग सोडवून नावेत घातला.

शेठ काठावर आला. "अरे, तुम्ही तर मालक आहात."

"म्हणूनच निघालो," एक विणकरीण म्हणाली.

शेठचं दुकान ओस पडलं. पलीकडे त्या विणकराला सूत उकलायचं काम मिळालं. ते एका हाताने जमतं. हात काही परत आला नाही.

बोध एवढाच: ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला मालक म्हणणं ही फसवणूक आहे.