शेंगदाण्याला घाबरलेली पहारेकरीण

पोटातल्या पेशीही आपसांत बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. ठिपकी नावाच्या करडाच्या आतड्यात एक पेशी पहाऱ्यावर असे. एकदा शेंगदाण्याबरोबर जंत आत शिरले. पहारेकरणीने हाक दिली, शेजारच्या नसेने ती सगळीकडे पोचवली, आतड्याच्या भिंतींनी पाणी सोडलं आणि जंत वाहून गेले. सगळ्यांनी तिचं कौतुक केलं.

पण त्या दिवसापासून तिने शेंगदाण्याचाच धसका घेतला. त्याचा कण दिसला तरी ती हाक देई, भिंती पाणी सोडत आणि ठिपकीला जुलाब लागत. हळूहळू नसही इतकी हळवी झाली, की पहारेकरीण नुसती कुजबुजली तरी ती कळवळून उठे.

एके सकाळी ठिपकी उठलीच नाही. नस म्हणाली, "बाई, तिच्या अंगात पाणी उरलेलं नाही. आई तिला चाटतेय, पण तिला मान उचलवत नाही."

"मी तर तिला वाचवत होते," पहारेकरीण म्हणाली.

"ठाऊक आहे. म्हणून मी तुला कधी अडवलं नाही. चूक माझीही आहे."

बऱ्याच दिवसांनी ठिपकी सावरली, आणि चाऱ्यातून पुन्हा शेंगदाण्याचा कण आला.

"मला भीती वाटतेय," पहारेकरीण म्हणाली.

"मलाही," नस म्हणाली. "आपण दोघी मिळून गप्प राहू."

कण त्यांच्या समोरून हळूहळू पुढे गेला. बाहेर ठिपकी आईला ढुशा देत दूध पीत होती.