आयाळीवरचा हात

एकदा एक म्हातारा अश्वपारखी होता. नदीकाठच्या एका गावाबाहेर त्याची लहानशी पागा होती. चालीवरून तो घोड्याचं दुखणं सांगे, दातांवरून वय सांगे, आणि नुसतं डोळ्यांत बघून या जनावराला आधीच्या मालकानं मारलं होतं की नाही तेही सांगे. घोडं त्याला कळतं याबद्दल पंचक्रोशीत दुमत नव्हतं. माणसंही कळतात, असा त्याचा स्वतःचा समज होता.

त्याच्याजवळ बारा वर्षं एक शिष्य राहत होता. हुशार, कष्टाळू आणि हिशेबाला पक्का. त्याच्या मालकीचं असं एकच काही होतं, ती शेवंती नावाची घोडी. ती पागेतच जन्मली होती. तिची आई विताना मेली, तेव्हा यानं गाईच्या दुधात कापडाचा बोळा भिजवून तिला जगवली होती. अंग तांबूस, चारही पाय आणि कपाळ पांढरं. अशा घोड्याला जाणकार पंचकल्याणी म्हणतात आणि शुभ मानतात. शेवंतीला त्याचं काही नव्हतं. शिष्यानं जीभ टाळूला लावून चक् केलं की ती पळे, आणि त्यानं खांदा पुढं केला की त्यावर तोंड टेकवून उभी राही.

म्हाताऱ्यानं शिष्याला दोन विद्या दिल्या होत्या. पहिली, कमी पैशात घोडं मिरवायची. जत्रेत लोक रुप्याचे पैंजण, गोंडे आणि जरीच्या झुली यांवर घोड्याच्या किमतीइतका खर्च करत, आणि म्हातारा म्हणे, चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. घोडं रिठ्यानं धुवावं, सुक्या गवताच्या बोळ्यानं रोज तासभर अंग घासावं, भिजवलेले हरभरे मुठीनं मोजून घालावेत. जाणत्याला झूल दिसत नाही, कातडीची चकाकी दिसते. वाचवायचं ते घोड्याच्या पाठीवर वाचवावं, असं सांगताना तो न चुकता पुढचं वाक्य जोडी, पायावर वाचवू नये. हे पुढचं वाक्य शिष्यानं इतक्यांदा ऐकलं होतं की अलीकडं ते त्याला ऐकूच येत नसे.

दुसरी विद्या पैजेची. म्हाताऱ्याला पैज वर्ज्य नव्हती, साधूपणाचा आव त्यानं कधी आणला नाही. दरवर्षी तो गंमत म्हणून एक नाणं लावी. जे घोडं चालताना पाहिलं नाही त्यावर पैसे लावू नयेत, गमावल्यावर झोप उडेल इतके लावू नयेत, आणि स्वतःच्या घोड्यावर तर कधीच लावू नयेत, कारण तिथं डोळ्यांवर माया येते, असं त्याचं शास्त्र होतं. शिष्यानं ते पाठ केलं. पाठ केलेल्याचा माणूस पुढं काय उपयोग करील, ते मात्र शिकवणाऱ्याच्या हाती नसतं.

दर पौषात नदीच्या वाळवंटात घोड्यांची जत्रा भरे. पहिल्या दिवशी वाळूत रूपाची फेरी होई आणि तिसऱ्या दिवशी वरच्या काळ्या मैदानात दौड. या दौडीला एक जुनी रीत होती. प्रत्येक मालकानं मैदानात यायचं, घोड्याची आयाळ मुठीत धरायची आणि लोकांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "जनावर धड आहे." एवढं म्हटल्याशिवाय घोडं धावत नसे, आणि ज्यानं म्हटलं नाही त्याच्या घोड्यावर लागलेले पैसे ज्याचे त्याला परत मिळत. कागद नाही, साक्षीदार नाही. घोड्याला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं मालक बोलतो, इतकाच त्याचा अर्थ. त्या जत्रेत चोऱ्या झाल्या होत्या, मारामाऱ्या झाल्या होत्या, पण आयाळ धरून कुणी खोटं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

त्या वर्षी शिष्यानं मनाशी ठरवलं होतं की आपली स्वतःची पागा व्हायला हवी. बारा वर्षं दुसऱ्याच्या पागेतली लीद काढल्यावर असं वाटणं यात गैर काही नव्हतं. त्यानं शेवंतीला रिठ्यानं धुतली, बोळ्यानं घासली, झुलीवर एक पैसा घातला नाही. राहता राहिली नाल. पुढच्या डाव्या पायाची नाल झिजली होती आणि नालबंदानं जत्रेचा भाव सांगितला, म्हणजे एरवीच्या दुप्पट. शिष्यानं नालबंदाला मनातल्या मनात दोन शिव्या दिल्या आणि जुनीच नाल उलटसुलट बघून स्वतः ठोकली. म्हाताऱ्याला शंभरदा ठोकताना पाहिलं होतं, त्यात काय एवढं? इथंच घोडं पेंड खात होतं. एक खिळा तिरपा गेला आणि खुराच्या आत, जिथं जीव असतो तिथं, जाऊन बसला.

मऊ वाळूत ते दिसलं नाही. रूपाच्या फेरीत शेवंतीनं साऱ्या झुलींना आणि पैंजणांना मागं टाकलं. लोकांनी तिच्यावरून नारळ ओवाळले, आणि दौडीतही हीच येणार म्हणून तिच्यावर पैसे लावायला झुंबड उडाली. संध्याकाळी तिला पाण्यावर नेताना घाटाच्या फरशीवर शिष्याच्या ध्यानात आलं, डावा पाय टेकला की शेवंतीची मान किंचित वर जाते. त्यानं खूर हातात घेतला. खूर गरम होता.

तो खिळा काढायला चिमटा लागला असता आणि घटकाभर वेळ. शिष्याचा हात चिमट्याकडं गेलाही. आणि मग त्याच्या हिशेबी डोक्यात एक विचार आला, जो आला नसता तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. सगळी जत्रा शेवंतीवर पैसे लावते आहे. ती हरणार हे जगात एकट्या आपल्याला ठाऊक आहे. स्वतःच्या घोड्यावर पैसे लावू नयेत, असं गुरूचंच सांगणं आहे. मग दुसऱ्याच्या घोड्यावर लावू. एवढी एक दौड ती मागं मागं धावेल, मग खिळा काढू, हळदीचा लेप लावू, आठ दिवसांत बरी होईल. त्यानं चिमटा पिशवीत ठेवला.

जत्रेत पैजेच्या रकमा एका घोड्यांच्या व्यापाऱ्याकडं ठेवत, आणि हरलेल्यांचे पैसे तो जिंकणाऱ्यांत वाटे. शिष्य त्याच्या तंबूत गेला, नालबंदाचे वाचवलेले आणि बारा वर्षांत साठवलेले सगळे पैसे त्यानं पुढं केले, आणि एका पांढऱ्या घोड्यावर लावायला सांगितले. मात्र व्यापाऱ्याच्या नावानं. व्यापाऱ्यानं त्याच्याकडं एकदा नीट बघितलं. त्यानं काही विचारलं नाही. न विचारण्यावरच त्याचा धंदा चालत होता.

दौडीच्या दिवशी सकाळी म्हातारा मैदानात आला. दरवर्षीप्रमाणं त्यानं एकेका घोड्याजवळ जाऊन खुरांवरून हात फिरवला. शेवंतीच्या पुढच्या डाव्या खुरावर त्याचा तळवा जरा जास्त वेळ राहिला. पण म्हातारा काही न बोलता उठला, व्यापाऱ्याकडं गेला आणि कनवटीची पुरचुंडी काढून त्याच्यापुढं ठेवली. जुन्या झुलीच्या फाटक्या पट्टीत बांधलेली ती पुरचुंडी साऱ्या गावानं पाहिलेली होती. चाळीस वर्षांची कमाई होती त्यात, म्हातारपणाची भाकरी होती.

"शेवंतीवर," तो म्हणाला. "सगळी."

लोक थक्क झाले. एका नाण्याच्या वर न जाणारा माणूस आज काय करून बसला? शिष्य तर गारठलाच. म्हाताऱ्याच्या हाताला आता ऊन-गार कळेनासं झालं असावं, असं त्यानं स्वतःला समजावलं. अजून वेळ गेली नव्हती. आयाळ न धरता मागं सरकलं की झालं. म्हाताऱ्याचे पैसे वाचणार होते, लोकांचे वाचणार होते, घोडीचा पाय वाचणार होता. जाणार होती ती फक्त नवी पागा, आणि थोडी लाज. त्यानं फार चटकन एक तोड काढली. जिंकलेल्यातून म्हाताऱ्याची रक्कम त्याला परत करून टाकू. सगळ्यांचं भलं करणारे असे बेत माणसाला नेमके वाईट काम करायच्या आधी सुचतात.

त्याची पाळी आली. तो शेवंतीजवळ उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "जनावर धड आहे."

दौड सुरू झाली. स्वार तोच होता. लगाम ओढला तर लोकांच्या ध्यानात येईल, म्हणून त्यानं तो सैल सोडला. घोडी आपोआप मागं पडेल असं त्यानं धरलं होतं. बारा वर्षं घोड्यांत काढलेल्या माणसानं अशी चूक करावी याचं नवल वाटतं. शेवंतीला पाठीवर त्याचं ओझं कळत होतं, आणि तो पाठीवर असला की पळायचं एवढंच तिला ठाऊक होतं. टणक मैदानावर प्रत्येक टापेला तिचं अंग थरथरत होतं, ते त्याला मांड्यांखाली कळत होतं, आणि ती पळतच होती. अर्ध्या मैदानात ती सगळ्यांच्या पुढं होती. शेवटच्या वळणावर तिच्या पायातली शीर तुटली. पांढरा घोडा पुढं निघून गेला. शेवंती तीन पायांवर शेवटच्या खुणेपर्यंत आली, कारण थांब असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

गंगेत घोडं न्हालं. व्यापाऱ्यानं तंबूच्या मागं शिष्याच्या पदरात जिंकलेले पैसे टाकले. नाण्यांच्या ढिगावर त्यानं एक पुरचुंडी ठेवली, झुलीच्या पट्टीत बांधलेली, गाठसुद्धा न सोडलेली. "ही मोजली नाही," तो म्हणाला. "म्हातारा खोटं बांधून देणार नाही."

शिष्य ती घेऊन मैदानात परतला तेव्हा लोक पांगले होते. म्हातारा शेवंतीचा खूर मांडीवर घेऊन बसला होता. खिळा त्यानं काढला होता, तो शेजारी मातीत पडला होता. शिष्यानं पुरचुंडी त्याच्यापुढं ठेवली. म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाहिलं, आणि ती शिष्याच्या हातून परत आली याचं त्याला आश्चर्य वाटलं नाही.

"बाबा, घ्या ही," शिष्य म्हणाला. "तुमचीच आहे."

"ती तू जिंकलीस."

"तुम्ही खुराला हात लावला होता. तुम्हाला कळलं होतं."

"कळलं होतं. या पायानं ही जिंकणार नाही, हे कळायला तळवासुद्धा नको होता."

"मग तिच्यावर का लावलेत?"

म्हाताऱ्यानं खूर पुसला. मग म्हणाला, "घोडीवर लावलेच नव्हते रे. मी तुझ्यावर लावले होते. म्हटलं, घोडीसाठी नाही बोलला, तरी म्हाताऱ्याची भाकरी बुडताना बघून बोलेल. तू पुढं आलास तेव्हा लोक तुझे शब्द ऐकत होते, मी फक्त तुझ्या हाताकडं बघत होतो. तुझा हात आयाळीवर नव्हता, खोगिरावर होता. म्हणजे खरं काय ते तुला समजत होतं. समजत होतं आणि तरी तू बोललास. तिथंच मी हरलो. पुढची दौड मी बघितली नाही."

दुखावलेलं माणूस जे म्हणतं तेच शिष्य म्हणाला. "तुम्ही तरी बोलायचं होतंत. तुम्ही बोलला असतात तर हिचा पाय वाचला असता."

"वाचला असता," म्हातारा म्हणाला. "ते पाप माझं आहे, तुझ्यावर ढकलणार नाही. शिष्याची परीक्षा बघायची हौस आली मला, आणि डाव मांडला तो हिच्या पायाचा. लोकांचेही बुडाले. जे घोडं चालताना पाहिलं नाही त्यावर पैसे लावू नयेत, असं मीच सांगत आलो. बारा वर्षं तुला मी उठताबसता पाहिलं, पण लोभाच्या वाटेवर चालताना कधी पाहिलं नव्हतं. आणि आपल्या हातानं वाढवलेल्यावर तर मुळीच लावू नयेत. डोळ्यांवर माया येते." तो कष्टानं उठला. "ही चालेल. पळणार नाही. आता तुझी पागा होईल, तिथं हिला ठेव. विकू नकोस. आणि माझ्याकडं येऊ नकोस, शिकवण्याजोगं काही उरलं नाही."

तो गेला. पुरचुंडी मातीतच राहिली.

शिष्य उभा होता. शेवंतीनं तीन पायांवर भार घेत एक पाऊल टाकलं आणि रोजच्यासारखं त्याच्या खांद्यावर तोंड टेकवलं. तिनं चावा घेतला असता तर त्याला सोसलं असतं. त्याचा हात आपसूक वर गेला, तिच्या आयाळीत शिरला आणि मूठ मिटली. खरं काय ते सांगायला आता तो तयार होता. मैदानात ऐकायला कुणी उरलं नव्हतं.

कुणीतरी गाजावाजा न करता आपल्यावर आपलं सारं काही लावलेलं असतं. बहुतेकांना ते कळतं, पण तो हरल्यावर.