बिनठिपक्यांचं पाडस

त्या राज्यात कुणालाच थांबायला वेळ नव्हता. कसलीही खबर द्यायची ती वेशीवर चित्र लावून, आणि ते जांभई येण्याआधी दिसलं नाही, तर प्रजा मान फिरवून चालू लागे. चित्रं बगळे वाहून नेत आणि जड चित्राला उशीर होई. म्हणून राजाने वाटेत चौक्या बसवल्या होत्या. तिथे चित्र हलकं केलं जाई. डोळ्याला ज्याची उणीव भासणार नाही ते काढून टाकायचं, एवढाच नियम.

रानजाई नावाच्या चितळीचं पाडस वणव्याच्या धावपळीत हरवलं. तिने त्याचं चित्र काढून घेतलं. त्यात ठिपका न् ठिपका होता, डाव्या कानामागची ठिपक्यांची कोर तर हुबेहूब. ते घेऊन ती पहिल्या चौकीवर गेली. तिथला अधिकारी साळिंदर. त्याला आपल्या नजरेचा भारी अभिमान.

"बाई, गवताची इतकी पाती कशाला?"

"गवत खुशाल काढा साहेब, पण ठिपक्यांना हात लावू नका. त्यांच्यावरूनच तर ओळखतील त्याला."

"मी कशाला लावतोय!" साळिंदर म्हणाला. मूळ चित्र कोपऱ्यात ठेवून त्याने हलकी नक्कल केली आणि खरंच एकही ठिपका काढला नाही. फक्त त्यांच्या कडा जरा मऊ केल्या. रानजाईला हायसं वाटलं.

पण त्या खात्याची एक रीत होती. आलेलं चित्र जसंच्या तसं पुढे धाडणारा कामचुकार समजला जाई. दुसऱ्या चौकीने मऊ कडा पाहून शेजारशेजारचे ठिपके एकात एक मिसळले. तिसरीला ते डाग वाटले, तिने पुसले. मूळ चित्र मागवावं असं कुणाच्या मनात आलं नाही, ते जड होतं ना! प्रत्येकाने थोडंसंच काढलं आणि प्रत्येकाची पाठ थोपटली गेली.

चित्र वेशीवर झटक्यात पोचलं. प्रजा खूश झाली. तिकडे पाणवठ्यावर रानजाई वाटेकडे डोळे लावून उभी होती.

एका दुपारी वेशीवर एक पाडस आलं. बरगड्या दिसत होत्या, खूर फुटले होते.

"मी हरवलोय. मला आईकडे जायचंय."

पहारेकरी रानडुक्कर मनाने वाईट नव्हता. त्याने चित्र पाहिलं, पाडसाला पाहिलं, पुन्हा चित्र पाहिलं.

"नाही रे बाळा. आम्ही शोधतोय त्याच्या अंगावर एकही ठिपका नाही."

पाडस मान वर करून चित्रातल्या त्या गुळगुळीत, तांबूस पाडसाकडे बघत राहिलं. त्या चित्रासमोर इतका वेळ आजवर कुणीच थांबलं नव्हतं.

"याची आई याला शोधतेय तरी," ते म्हणालं, आणि कानामागची कोर खाजवत पुन्हा रानाच्या वाटेला लागलं.